रजिस्टरमध्ये नसलेला माणूस

सर,

संस्थेतून फोन आला होता. हॉलमध्ये तुमचा फोटो लावणार आहेत, त्याच्याखाली छापायला दहा ओळी लिहून द्या म्हणाले. जन्मगाव, पलटण, पदकं, निवृत्तीनंतर अधिकाऱ्यांना सुरक्षा व्यवस्थापन शिकवलं ते. मी म्हटलं, हे सगळं काकूंना विचारा. मला जे माहीत आहे ते दहा ओळींत बसणार नाही, आणि फोटोखाली छापण्यासारखं तर ते नाहीच. म्हणून हे वेगळं लिहितोय, तुम्हालाच.

तुम्ही गेल्याचं मला पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या गेटवर कळलं. आपल्या बॅचच्या कमांडर साहेबांचा फोन आला. म्हणाले, "म्हात्रे, शितोळे सर गेले. पहाटे. खांदेश्वरला या." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि सवयीने रजिस्टरमध्ये फोनची वेळ लिहिली. कोणाचा, कशाबद्दल, हे रकाने मात्र भरता येईनात. शिफ्टच्या वॉचमनने शेवटी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

तुमच्या दारात चपला ठेवायला जागा नव्हती. काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हरी, आता आलास?" त्यांच्या मनात काही नव्हतं, त्या सगळ्यांनाच तसं म्हणत होत्या. पण सात महिने मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत तेव्हा मी शेवटच्या बाकावर, भिंतीला चिकटून बसलो होतो. मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा फार दिवस झाले नव्हते. प्रत्येक कंपनीला अचानक शिकलेला सिक्युरिटी ऑफिसर हवा झाला होता. आमच्या मॅनेजरने विचार केला, बाहेरून माणूस आणण्यापेक्षा गेटवरचाच एक शिकवून घेऊ. घणसोलीची आमची शेतं कारखान्यांसाठी गेली त्याच्या बदल्यात मला त्या कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली होती. चढत चढत सुपरवायझर झालो होतो. आणि आता वाशीला, बँकेच्या वरच्या मजल्यावर, शनिवार-रविवार, सहा महिन्यांचा अधिकाऱ्यांचा कोर्स. वर्गात निवृत्तीला आलेले नेव्हीचे कमांडर, एअर फोर्सचे एक साहेब, लष्करातले दोन कॅप्टन, मोठमोठ्या कंपन्यांचे लोक. सगळे इंग्रजीत बोलत होते. मी वहीवर तारीख लिहून बसलो होतो.

पहिल्याच दिवशी तुम्ही फळा पुसला आणि सगळ्यांना बाहेर काढलंत. "मार्केटच्या गेटवर दोन तास उभे राहा. काय आत गेलं, काय बाहेर आलं, ते येऊन सांगा." कमांडर साहेबांनी सहा पानं लिहून आणली. मी काहीच लिहिलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "तुम्ही काय बघितलंत?"

मी उठून म्हणालो, "सर, एक टेम्पो रिकामा म्हणून बाहेर सोडला. ताडपत्री खाली, सगळं सपाट. पण त्याचे चाकांवरचे पाटे वजनाने बसले होते. रिकाम्या गाडीचे पाटे असे बसत नाहीत."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "गाव कोणतं?"

"घणसोली."

"उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं, म्हात्रे."

त्या एका वाक्यावर मी सहा महिने काढले, सर. तुम्ही मला इंग्रजीची भीती वाटू दिली नाहीत. रिपोर्ट मराठीत लिही म्हणालात, आणि लाल पेनाने मराठीतही इतक्या चुका काढल्यात की माझी मुलगी म्हणाली, बाबा, तुमचे सर आमच्या बाईंपेक्षा कडक आहेत. रविवारी दुपारी वर्ग सुटला की मला खांदेश्वरला घेऊन जायचात. काकू जेवायला वाढायच्या आणि तुम्ही ताटाशेजारी कागद पसरून कुंपण, दिवे, गस्तीच्या वाटा काढत बसायचात. काकू म्हणायच्या, "त्याला जेवू तरी द्या." सुरक्षेची मॅनेजमेंट म्हणजे काय, हे मी त्या ताटाशी शिकलो. आत कोण आहे हे गेटवरच्या माणसाला प्रत्येक क्षणी माहीत पाहिजे, हे तुमचं पहिलं सूत्र. भिंती, कुलपं, कुत्री, सगळं त्याच्यानंतर.

आपलं पहिलं भांडणही त्याच वर्गातलं. तुम्ही सांगत होतात, वरून चुकीचा आदेश आला तर नाही म्हणू नका, अदबीने तो लेखी मागा. निम्मे चुकीचे आदेश तिथेच मरतात.

मी उभा राहिलो. "सर, पावण्याला लेखी मागितलं तर लेखीच मिळतं. कामावरून काढल्याचं."

या वेळी सगळा वर्ग हसला, तुम्हीसुद्धा. पण वर्ग सुटल्यावर जिन्यात मला थांबवून म्हणालात, "हसण्यावारी नेलं, पण तुझं उत्तर मला आवडलं नाही." मी म्हणालो, "तुमच्यामागे पेन्शन आहे, सर. माझ्यामागे आई, बायको नि मुलगी आहे." तो वाद तिथेच अर्धा राहिला आणि पुढे दर काही महिन्यांनी आपण तो नव्याने काढत राहिलो.

कोर्स संपला, मी सिक्युरिटी ऑफिसर झालो. पुढे वर्षभराने वर्क्स मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. ड्रम धुवायला कॉन्ट्रॅक्टरची पाच-सहा माणसं येतील, ती मागच्या गेटाने घ्यायची, नोंद करायची नाही. नोंद झाली की त्यांची हजेरी झाली, हजेरी झाली की ती कंपनीची माणसं झाली. हे त्यांनी इतकं उघड सांगितलं नाही, पण मला कळलं. मी मान हलवली. त्या रविवारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "लेखी माग." मी मागितलं नाही. महिनाभराने तुम्ही विचारलंत, "मागितलंस?" मी म्हणालो, "मागतो." मग तुम्ही विचारणं सोडलंत.

आग लागली ती भरदुपारी. मागच्या शेडमध्ये सॉल्व्हंटचे ड्रम होते. आधी एक फुटला, मग सगळी शेडच पेटली. तुम्ही शिकवलं होतं तसं मी सगळं केलं. भोंगा, लाइट बंद, माणसं पुढच्या मैदानात. रजिस्टर हातात घेऊन माणसं मोजली. रजिस्टरमध्ये चौऱ्याऐंशी, मैदानात चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजली. पुन्हा चौऱ्याऐंशी. सर, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही. आकडा जुळला तेव्हा मला आनंद झाला होता. तुम्हाला फोन करून सांगीन, असं मनात आलं होतं.

फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आत कोणी?"

मी म्हणालो, "कोणी नाही. सगळे बाहेर."

ड्रमवाल्यांची मला आठवण झाली नाही असं नाही. मला वाटलं, ते मागच्या मागे पळाले असतील. बाकीचे पळालेही होते. बऱ्याच वेळाने त्यांचा मुकादम कुंपणाला वळसा घालून धापा टाकत आला. म्हणाला, "सायेब, किसन कुठाय? किसन दिसंना." किसन वाघमोडे. चाळिशीतला, सोलापूरकडचा, घणसोली गावातच माझ्या चुलत्याच्या चाळीत भाड्याने राहणारा. सकाळी मीच मान हलवून त्याला मागच्या गेटाने आत सोडलं होतं. तो ड्रम धुवायच्या मोरीत सापडला. धुराने गेला म्हणाले. आधी कोणी आत गेलं असतं तर तो वाचला असता की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे आला. सदर इसम कंपनीच्या परवानगीशिवाय, सुरक्षा विभागाच्या नकळत, मागील बाजूने आत शिरला होता. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

तो कागद खिशात घालून मी खांदेश्वरला आलो. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात.

"सही करू नको."

"मुलगी बारावीला आहे, सर."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? तू माझ्याकडे कशाला आलास, म्हात्रे?"

मी खरं तेच बोललो. "तुम्ही चालेल म्हणाल म्हणून."

तुम्ही कागदाची घडी घातलीत, माझ्या खिशात ठेवलीत. "चालेल असं मी म्हणणार नाही. पण सही केलीस तरी या घरी येत जा." आणि मग खिडकीकडे बघत म्हणालात, "मीही एकदा केली आहे." तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथेच तुटलं. कुठल्या कागदावर, कोणाबद्दल, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही. माझीच सही मला पुरे झाली होती, तुमची आणखी कशाला, असं वाटलं असेल. तेराव्याला काकूंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काही बोलले नाहीत रे कधी." म्हणजे ते आता कोणालाच कळणार नाही.

घरी आलो तर बायकोने पाट मांडला. ती म्हणाली, "करा सही नि मोकले व्हा. त्यो मानूस काय आता परत येनार हाय?" मी सही केली. मोकळा मात्र झालो नाही. किसनची बायको शेवंता आणि तिची मुलगी त्याच खोलीत राहिल्या. मरण पावलेला माणूस कंपनीचा नव्हता, तेव्हा कंपनी त्यांचं काहीच देणं लागत नव्हती. शेवंता सोसायट्यांमध्ये भांडी घासायला जायला लागली. मी विहिरीकडची, त्यांच्या खोलीवरून जाणारी वाट सोडली आणि देवळामागून जायला लागलो. आईच्या ते लक्षात आलं.

तुम्ही मात्र मला प्रत्येक बॅचला बोलवत राहिलात. 'गेटवरचे अनुभव' असा माझा एक तास ठेवला होता. मी टेम्पोचे पाटे सांगायचो, चोरीच्या दोन गमती सांगायचो, अधिकारी हसायचे; आगीचं मी काढायचो नाही. तुम्ही शेवटच्या बाकावर बसून ऐकायचात. तास संपला की जिन्यात विचारायचात, "आज नाही?"

"आज नाही, सर."

"ठीक आहे."

दोन वर्षं हे असं चाललं होतं. तुमच्या त्या 'ठीक आहे'चा मला राग यायला लागला होता. तुम्ही रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

मग सात महिन्यांपूर्वीचा तो शनिवार. एका कॅप्टनने हजेरीच्या पद्धतीबद्दल काहीतरी विचारलं आणि तुम्ही उठून फळ्याजवळ गेलात. नाव न घेता सगळं सांगितलंत. "अधिकाऱ्याने रजिस्टरप्रमाणे बरोबर मोजलं. रजिस्टर खोटं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं." मी तिथेच बसलो होतो. माझी पिशवी उचलली आणि निघालो. तुम्ही जिना उतरून रस्त्यापर्यंत मागे आलात. गुडघा दुखत होता तुमचा, एकेक पायरी कठड्याला धरून उतरलात.

"मी तुझं नाव घेतलं नाही, म्हात्रे."

"घेतलं असतं तर बरं झालं असतं."

"ते तू घ्यायचं आहेस. मी नाही."

मी म्हणालो, "तुमचीही आहे की एक सही. ती सांगा की आधी वर्गाला." हे बोलायला नको होतं. ते तुम्ही मला विश्वासाने सांगितलं होतं. तुमचा चेहरा बघायला मी थांबलो नाही. त्यानंतर तुम्ही दोनदा फोन केलात, मी घरच्यांना सांगितलं, घरी नाही म्हणून सांगा. तिसऱ्यांदा केला नाहीत. आजारी होतात हे मला कोणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तर आलो असतो की नाही, हे आज खात्रीने सांगता येत नाही. माफी मागायला उशीर झाला हे लिहिणं सोपं आहे. खरं हे की वेळ होता तेव्हाही मी मागितली नाही.

तुमच्या तेराव्यानंतरच्या शनिवारी संस्थेने मला तुमचा तास घ्यायला बोलावलं. चालू बॅचचा कोर्स अर्धा राहिला होता. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणालो, आधीच्या बॅचला शितोळे सरांनी एका कारखान्याच्या आगीचं सांगितलं होतं, ते तुमच्या कानावर आलं असेल. ती कंपनी माझी. तो अधिकारी मी. मग पहिल्यापासून सांगितलं, मान हलवली तिथपासून सही केली तिथपर्यंत. आकडा जुळल्याचा आनंद झाला, तेही सांगितलं. कोणी काही लिहून घेत नव्हतं. शेवटी पुढच्या बाकावरच्या मेजरने विचारलं, "त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे?"

मी म्हणालो, "नाही."

तो खाली बघायला लागला. मला वाटलं होतं, वर्गात बोललो की ओझं उतरेल. तसं काही झालं नाही.

रविवारी सकाळी मी विहिरीकडच्या वाटेने गेलो. शेवंता दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला. मी उभ्यानेच सांगितलं. तुमच्या नवऱ्याला मीच आत सोडायचो, नोंद करायची नाही असं ठरलं होतं, आत कोणी नाही असं फायर ब्रिगेडला मी सांगितलं, आणि तो चोरून शिरला असं लिहिलेल्या कागदावर सही माझी आहे.

ती पुन्हा सुपापाशी बसली. मग म्हणाली, "मला ठाव हाय. रोज सांगायचे, म्हात्रे सायेब मागल्या दारानं घेत्यात, मानूस बरा हाय." आणि सुपाकडे बघत विचारलं, "त्या दिशी जेवले व्हते का वो ते?"

मला माहीत नव्हतं, सर. इतक्या दिवसांत तिने हे किती जणांना विचारलं असेल, की कोणालाच विचारलं नसेल, कोण जाणे.

सोमवारी तिला घेऊन कामगार कार्यालयात गेलो आणि खरं काय झालं ते माझ्या अक्षरात लिहून दिलं. तिथला साहेब म्हणाला, आधीचं निवेदन खोटं होतं म्हणजे तुमच्यावरही येईल. मी म्हटलं, येऊ दे. मंगळवारी कंपनीने मला घरी बसवलं. मुलगी आता कॉलेजात आहे, तिची फी कशी भरायची ते अजून ठरलेलं नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "त्या बाईला काय मिलंल का, त्ये तरी बगा आता." शेवंताला काय मिळेल, कधी मिळेल, कोणी सांगत नाही. तुम्ही असतात तर आज वहीत आखून दिलं असतंत, पहिलं कुठे जायचं, दुसरं कुठे. मी चाचपडतोय.

मुकादम सापडायला चार दिवस लागले. आता तो दुसऱ्या कारखान्यावर माणसं पुरवतो. मला बघून आधी आत गेला, मग बाहेर आला. मी विचारलं ते ऐकून त्याला नवल वाटलं. म्हणाला, "जेवला की. बाराला. माझ्याच शेजारी बसून. दोन भाकरी नि पिठलं."

"दोनच?"

"तिसरी फडक्यात बांधून ठेवली व्हती."

संध्याकाळी उजेड असतानाच शेवंताकडे गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तीनच दिल्या व्हत्या मी. एक रोज माघारी आनायचे, पोरीला." मग तिने मुलीला हाक मारली. ती आता बारा-तेराची झाली आहे. तिला जवळ बसवून शेवंता म्हणाली, "ऐक. तुझा बाप उपाशी नव्हता." आणि मला म्हणाली, "सायेब, पुन्हा एकदा सांगा. हिला सांगा."

मी उंबऱ्यावर बसलो आणि त्या मुलीला पहिल्यापासून सांगितलं.